ओव्हरक्लॉकिंग करायचं तर महागडा एसएमपीएस घ्यावाच लागतो का?

या वेळी बऱ्याच पत्रांत एकच धास्ती दिसली, की ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर किंवा कार्ड ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं, करायचं म्हटलं की आधी एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज देणाऱ्या डब्यावर, मोठा खर्च करावा लागणार. म्हणून या अंकात फक्त हाच विषय घेतलाय. पहिल्या प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिलीये, कारण त्यातला हिशोब एकदा डोक्यात बसला की बाकीच्यांची उत्तरं बरीचशी तुमची तुम्हालाच काढता येतील.

प्रश्न: माझ्याकडे आय५-१३६००के, झेड७९० बोर्ड, आरटीएक्स ४०७० आणि ३६० एमएमचा लिक्विड कूलर आहे. एसएमपीएस ६५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज किती कमी वाया जाते त्याचा दर्जा, त्याच्या वर गोल्ड आणि प्लॅटिनम), बऱ्या कंपनीचा, दोन वर्षं वापरलेला. आता प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचाय पण ज्याला विचारावं तो म्हणतो आधी १००० वॅटचा गोल्ड नाहीतर प्लॅटिनम घे, ब्राँझवर केलंस तर बोर्ड जळेल. किंमत बघून सगळा उत्साहच गेला. खरंच एवढं लागतं का?

उत्तर: नाही लागत, आणि तुमच्या मशीनला तर अजिबातच नाही. आपण सरळ बेरीजच करून बघू.

तुमच्या प्रोसेसरची इंटेलने दिलेली टर्बो पॉवर १८१ वॅट आहे, म्हणजे कुठल्याही सेटिंगला हात न लावता सगळे कोर फुल लोडला असताना तो तेवढी वीज घेऊ शकतो. त्याचे पी-कोर, म्हणजे जास्त वेगाचे मुख्य कोर, ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातात. समजा तुम्ही ते ५.५ वर नेले, तर क्लॉक, म्हणजे वेग, वाढला साधारण ८ टक्के. पण तो क्लॉक स्थिर राहावा म्हणून व्होल्टेज पण वाढवावं लागतं, ते समजा १० टक्के वाढवलं, आणि मेख नेमकी इथेच आहे. वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून हिशोब होतो १.०८ गुणिले १.१ गुणिले परत १.१, म्हणजे जवळपास १.३. ८ टक्के वेगासाठी ३० टक्के जास्त वीज! १८१ चे झाले २३५, चिप गरम झाली की थोडी गळती अजून वाढते म्हणून २४० धरा.

आता कार्ड. आरटीएक्स ४०७० हे २०० वॅटचं कार्ड, तुमच्या मॉडेलमध्ये पॉवर लिमिट १० टक्के वर सरकत असेल तर २२०. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंप, पंखे सगळं मिळून ६०, हे सुद्धा मी सढळ हाताने धरलंय. एकूण झाले ५२० वॅट. आणि हे ५२० कधी, तर प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकाच वेळी स्ट्रेस टेस्ट लावून पिळून काढाल तेव्हा. गेम खेळताना हा प्रोसेसर बहुतेक वेळा १०० वॅटच्या आसपासच फिरतो, त्यामुळे प्रत्यक्षात तुम्ही चारशेच्या अलीकडेच असाल. ६५० चा चांगला एसएमपीएस हे आरामात ओढतो.

फक्त एक गोष्ट बघून घ्या. एसएमपीएसच्या बाजूच्या स्टिकरवर प्रत्येक व्होल्टेजपुढे अँपिअर लिहिलेले असतात, त्यातला १२ व्होल्टचा आकडा वाचा. तो ५४ अँपिअर असेल तर १२ गुणिले ५४ म्हणजे ६४८ वॅट, अर्थात जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर मिळतेय, आणि आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. बोर्डावरची व्हीआरएम ते १२ व्होल्ट खाली आणून प्रोसेसरला सव्वाच्या आसपास व्होल्ट देते. तुमचे २४० वॅट म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूला २० अँपिअर, ते ८ पिनच्या सीपीयू केबलमधल्या चार पिवळ्या वायरींत वाटले जातात, प्रत्येकीला ५ अँपिअर. यात घाबरण्यासारखं काहीही नाही, बोर्डावर शेजारी जादाचा ४ पिनचा सॉकेट रिकामा राहिला तरी चालेल.

अजून एक गैरसमज नेहमी ऐकू येतो, की ६५० वॅटचा ब्राँझ म्हणजे ८५ टक्केच देणार, म्हणजे साडेपाचशेच मिळणार. असं नसतं. ६५० हा आकडा तो तुमच्या मशीनला देतो त्याचा आहे, तोटा भिंतीच्या सॉकेटच्या बाजूला धरायचा, म्हणजे मशीनला ५०० वॅट द्यायचे असतील तर ८५ टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून ५८८ वॅट ओढेल आणि वरचे ८८ उष्णता होऊन पंख्याने बाहेर जातील.

आता राहिलं बोर्ड जळण्याचं. ही भीती पूर्ण खोटी नाहीये, पण ती चुकीच्या जागी बसलीये. मरताना बोर्ड किंवा कार्ड सोबत घेऊन जाणारा एसएमपीएस म्हणजे ज्यात ओव्हरव्होल्टेज, ओव्हरकरंट, शॉर्टसर्किटची संरक्षणं एकतर नाहीतच किंवा नावापुरती आहेत असा. संरक्षण नीट असलेला ६५० वॅटचा ब्राँझ जास्त लोड पडला तर फक्त बंद पडेल. उलट १००० वॅट छापलेला पण आतून फडतूस माल घेतलात तर पैसेही गेले आणि धोकाही तसाच राहिला.

मग मोठा एसएमपीएस कोणाला लागतो? आय९-१४९००के ची टर्बो पॉवर मुळातच २५३ वॅट आहे, लिमिट काढून टाकल्या की तो तीनशेच्या वर जातो, त्याला ४५० वॅटचं आरटीएक्स ४०९० जोडलं आणि दोन्ही ओव्हरक्लॉक केले तर तिथे १००० वॅट मागणं अगदी योग्य आहे. लिक्विड नायट्रोजन ओतून रेकॉर्ड करणाऱ्यांची तर गोष्टच वेगळी. पण त्यांच्या गरजा बघून तुमच्यासारख्या मधल्या मशीनवाल्याला सल्ला दिला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या पायी कितीतरी लोक ओव्हरक्लॉकिंग करून बघायचंच सोडून देतात.

हा छंद मुळात कमी पैशात जास्त वेग काढायचा म्हणून वाढला. १९९८ सालचा सेलेरॉन ३००ए घ्या, बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा, पन्नास टक्के फुकट, आणि तोही त्या काळच्या साध्या एसएमपीएसवर, कारण मूळ प्रोसेसरच २० वॅटच्या आसपास खायचा. आज तसं राहिलं नाही. कंपन्या टर्बोमध्येच बहुतेक सगळा वेग वापरून टाकतात, आपल्या हातात उरतात ते पाच-दहा टक्के. म्हणून माझं स्पष्ट मत, त्या पाच-दहा टक्क्यांसाठी नवीन एसएमपीएस घ्यावा लागत असेल तर घेऊ नका, ते पैसे पुढच्या ग्राफिक्स कार्डासाठी बाजूला टाका. आहे त्यात होत असेल तर मात्र जरूर करा.

तुमच्या बाबतीत अडचण आली तर आधी तापमानाची येईल, एसएमपीएसची नाही. २४० वॅट एवढ्याशा चिपमधून बाहेर काढणं कूलरलाही जड जातं, बोर्डाच्या व्हीआरएमवर नीट हीटसिंक आहेत का तेही बघा. आणि सुरुवात करायच्या आधी बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करा, हे टाळू नका. १३व्या आणि १४व्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेज जाऊन चिप हळूहळू खराब व्हायचा प्रकार झाला होता, त्यासाठी इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०x१२९ नावाचा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरसाठीची दुरुस्ती, दिला, तुमचा १३६००के त्याच यादीतला आहे. जुन्या बायोसवर वरून अजून व्होल्टेज चढवणं म्हणजे चिपशीच खेळ.

प्रश्न: माझा पीसी रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड आणि आरएक्स ६६०० असा आहे. कॅबिनेटसोबत आलेला ५०० वॅटचा एसएमपीएस आहे, त्यावर ८० प्लसचं चिन्ह वगैरे काही नाही. स्टिकरवर ३.३ व्होल्ट २२ अँपिअर, ५ व्होल्ट २५ अँपिअर आणि १२ व्होल्ट २० अँपिअर असं लिहिलंय. दोन वर्षं काही त्रास नाही. यावर ओव्हरक्लॉक चालेल ना?

उत्तर: नका करू. वरच्या वाचकाला मी खर्च करू नका म्हणालो, तुम्हाला करा म्हणतोय, आणि तेही ओव्हरक्लॉक करा किंवा करू नका, तरीही.

तुम्ही स्टिकर पूर्ण लिहून पाठवलात हे फार बरं केलंत. १२ गुणिले २० म्हणजे २४० वॅट, डब्यावरच्या ५०० पैकी तुमच्या उपयोगाचे एवढेच. बाकीचा आकडा ३.३ आणि ५ व्होल्टच्या जोरावर फुगवलाय, जुन्या काळी प्रोसेसर ५ व्होल्टवरून वीज घ्यायचे तेव्हाची ती रचना आहे. आता तुमची बेरीज बघा, ३६०० चा टीडीपी, म्हणजे कंपनीने छापलेला वॅटचा आकडा, जरी ६५ वॅट असला तरी सॉकेटवर त्याला ८८ वॅटपर्यंत मुभा असते, आरएक्स ६६०० चे १३२, पंखे वगैरे २०, झाले २४०. म्हणजे काहीही न वाढवता तुम्ही आत्ताच काठावर आहात, आणि तेही स्टिकर खरं बोलतोय असं धरलं तर. दोन वर्षं त्रास झाला नाही कारण दोघं एकदम फुल लोडला फारसे जात नाहीत, एवढंच.

तुम्हाला महाग काही घ्यायची गरज नाही. ५०० ते ५५० वॅटचा, १२ व्होल्टवर ४० अँपिअर किंवा जास्त देणारा, सगळी संरक्षणं असलेला आणि निदान पाच वर्षांची वॉरंटी असलेला साधा ब्राँझ बास होईल, त्यावर ३६०० आणि ६६०० दोन्ही मजेत ओव्हरक्लॉक होतील. तोपर्यंत उलट दिशेने जा, कार्डाची पॉवर लिमिट ड्रायव्हरमधून जमेल तेवढी कमी करा, फ्रेम अगदी थोड्या जातील पण एसएमपीएसला श्वास घ्यायला जागा मिळेल.

प्रश्न: रायझन ७ ५८००एक्स, आरटीएक्स ३०८० आणि ७५० वॅटचा गोल्ड एसएमपीएस, पाच वर्षं जुना. पीबीओ (रायझनचं आपोआप ओव्हरक्लॉकिंग) चालू करून कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (कोरचं व्होल्टेज खाली आणायची सेटिंग) सगळ्या कोरना मायनस २५ दिलं, कार्डही थोडं ओव्हरक्लॉक केलं. आता गेम खेळताना अचानक सगळं काळं होतं, निळी स्क्रीन येतच नाही. कधी मशीन आपोआप परत चालू होतं, कधी मागचा स्विच बंद करून चालू करावा लागतो. सगळे म्हणतात एसएमपीएस गेला, १००० चा घे.

उत्तर: थांबा, अजून काही विकत घेऊ नका. तुमच्या पत्रात दोन वेगवेगळे आजार एकत्र दिसतायत, आणि ते वेगळे करता येतात.

मशीन काळं होऊन स्वतःच परत सुरू होतं तेव्हा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये जाऊन त्या वेळेच्या नोंदी बघा. कर्नल-पॉवर ४१ तर दिसेलच, पण तिला फार महत्त्व देऊ नका, मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं एवढंच ती सांगते, कशामुळे ते नाही. तिच्या आसपास व्हिआ-लॉगर (WHEA-Logger) १८ अशी नोंद असेल तर बहुतेक वेळा प्रोसेसरचा कोर चुकलेला असतो, एसएमपीएसचा संबंध नसतो. रायझन ५००० मध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर जास्त खाली नेला की निळी स्क्रीन न येता सरळ रिस्टार्ट होतं, आणि सगळ्या कोरना सरसकट मायनस २५ हे बऱ्याच चिपना झेपत नाही, त्यात सगळ्यात चांगले म्हणून दाखवलेले दोन कोर बहुतेक वेळा सगळ्यात आधी हार मानतात. त्यांना मायनस १० वर आणा, बाकीचे मायनस १५ वर, आणि परत बघा.

मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय मशीन उठतच नाही, ते मात्र एसएमपीएसचं लक्षण आहे. त्याचं संरक्षण लागलं की तो स्वतःला कुलूप लावून घेतो आणि मेन वीज काढून घेतल्याशिवाय सोडत नाही. तुमच्याकडे ते का लागत असेल याचा अंदाज येतो. ३०८० हे ३२० वॅटचं कार्ड, पण ही सरासरी झाली, काही मिलिसेकंदांसाठी ते ४०० च्या बरंच वर उडी मारतं, त्यात तुम्ही ओव्हरक्लॉक केलंय. सॉफ्टवेअरमध्ये ही उडी दिसत नाही कारण ते त्या मानाने फार सावकाश वाचतं, एसएमपीएसच्या संरक्षणाला मात्र ती लगेच कळते. अशा कार्डांमुळे चांगले चांगले एसएमपीएस बंद पडायला लागले, आणि २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात मग अटच आली की नवीन १६ पिनचा कनेक्टर देणाऱ्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता रेटिंगच्या दुप्पट लोड सहन करायचा. तुमचा त्याच्या आधीचा आहे.

आता कॅबिनेट उघडा आणि कार्डाला गेलेल्या केबल बघा. एकाच केबलला पुढे दोन तोंडं आहेत आणि ती दोन्ही कार्डात खुपसलीयेत का? असतील तर एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल टाका. ८ पिनच्या एका कनेक्टरची मर्यादा १५० वॅट ठरलेली आहे आणि इथे एकाच केबलवरून त्याच्या जवळपास दुप्पट जातंय. एवढ्याने बऱ्याच जणांचा त्रास थांबतो. नाही थांबला तर प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही स्टॉकवर, म्हणजे मूळ सेटिंगवर, आणून एक-दोन दिवस खेळा. तरी स्विच फिरवावा लागत असेल तर कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्के करा. त्याने थांबलं तर एसएमपीएसला त्या उड्या झेपत नाहीत हे जवळपास नक्की झालं. पाच वर्षांत आतले कपॅसिटर उतरतात, गरम कॅबिनेटमध्ये लवकर उतरतात. वॉरंटी तपासा, चांगल्या गोल्डला सात-दहा वर्षांची पण असते. बदलायची वेळ आलीच तर ७५० किंवा ८५० वॅटचा एटीएक्स ३.० पुढचा घ्या, १००० ची गरज नाही.

मल्टिमीटर असेल तर मोलेक्स (जुन्या पद्धतीच्या ४ पिनच्या) कनेक्टरची पिवळी आणि काळी वायर मोजा, लोडवर ११.४ ते १२.६ मध्ये पाहिजे. बोर्डाचं सॉफ्टवेअर ११.३ वगैरे दाखवत असेल तर त्यावरून निर्णय घेऊ नका, ते रीडिंग बऱ्याच बोर्डांवर चुकतं. पण मीटरवर सगळं ठीक दिसलं म्हणून एसएमपीएस निर्दोष असंही नाही, मिलिसेकंदांचे खड्डे मीटरला दिसत नाहीत. आणि एक विनंती, कपॅसिटर फुगलेत का बघायला एसएमपीएस उघडू नका, प्लग काढल्यानंतरही आत काही काळ साडेतीनशे-चारशे व्होल्ट साठून असू शकतात.

प्रश्न: एक्सएमपी, म्हणजे रॅमची जास्त वेगाची तयार सेटिंग, चालू करणं पण ओव्हरक्लॉकिंगच ना? त्यासाठी एसएमपीएस बदलू का?

उत्तर: ओव्हरक्लॉकिंगच, पण बदलू नका. डीडीआर४ रॅम १.२ वरून १.३५ व्होल्टवर जाते, फरक मोजक्या वॅटचा. बिनधास्त चालू करा.

प्रश्न: ब्राँझपेक्षा गोल्डवर ओव्हरक्लॉक जास्त स्थिर राहतो का?

उत्तर: ८० प्लसच्या चाचणीत मुख्यतः कार्यक्षमता बघतात, २०, ५० आणि १०० टक्के लोडला. ११५ व्होल्टवर ब्राँझला ८२, ८५, ८२ आणि गोल्डला ८७, ९०, ८७ टक्के लागतात. ४०० वॅटच्या लोडला, ८५ आणि ९० टक्के धरले तर, भिंतीवर फरक पडतो साधारण २६ वॅटचा. व्होल्टेज किती स्थिर राहतं, त्यावर लहर, म्हणजे व्होल्टेजचा बारीक चढउतार, किती, संरक्षणं कशी, हे त्या चिन्हात कुठेच नाही. १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टपर्यंत लहर एटीएक्सला मान्य आहे, त्याच्या आत असलेल्या एसएमपीएसमधली लहर बोर्डाची व्हीआरएम बरीचशी गाळून टाकते. गोल्डची आतली रचना बहुतेक वेळा नवीन असते त्यामुळे व्होल्टेज चांगलं सांभाळतो हे खरं, पण त्याने तुम्हाला जास्तीचे १०० मेगाहर्ट्झ मिळतील असं नाही. रोज बरेच तास मशीन चालत असेल तर वीज वाचते म्हणून गोल्ड घ्या, ओव्हरक्लॉकसाठी म्हणून नको.

प्रश्न: नवीन मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणारा) एसएमपीएस घेतलाय. जुन्याच्या केबल कॅबिनेटमध्ये मस्त बांधून ठेवल्यात, त्याच वापरू का? कनेक्टर तर बसतोय.

उत्तर: नाही, नाही, नाही. कनेक्टर बसतो तोच धोका आहे. कार्ड आणि बोर्डाच्या बाजूची पिनची रचना सगळीकडे सारखी असते पण एसएमपीएसच्या बाजूची प्रत्येक कंपनीची वेगळी, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांचीही वेगळी. चुकीच्या केबलमुळे ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्डडिस्क आणि एसएसडी एका क्षणात मेल्याची उदाहरणं कितीतरी आहेत. जुन्या सगळ्या केबल काढा, नवीन एसएमपीएसच्या पिशवीत आलेल्याच लावा, आणि जुन्या केबल जुन्या एसएमपीएसच्याच डब्यात घालून त्यावर मॉडेलचं नाव लिहून ठेवा.